नानांची सतरंजी

मागच्या शाबानमधली गोष्ट. रमजान तोंडावर आला होता आणि घरोघरी साफसफाई निघाली होती. रविवार असल्याने मीही पेटीतले कपडे, रजया, चादरी काढून अंगणात उन्हाला टाकत होते. एवढ्यात गल्लीत आरोळी आली, "गालिचे, कालीन, जानमाज ले लोऽ!" मोटारसायकलच्या मागे-पुढे गुंडाळ्या बांधलेला एक पोरगा दारात येऊन उभा राहिला. आमच्या ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. ईदला पाहुणे येतात, पुढच्या खोलीतली फरशी उघडी-बोडकी दिसते, ही त्यांची दोन वर्षांपासूनची तक्रार. पोराने एक लालभडक, वेलबुट्टीचा गालिचा फरशीवर असा झटक्यात उलगडला की खोलीच बदलून गेली. "असली भदोहीका माल है मॅडम, शंभर टक्के ऊन!" सहा हजार सांगून चार हजारांवर सौदा तुटला. माझ्या हातातली रजई मी खाली ठेवेपर्यंत पैसे दिलेही गेले होते.

पोरगा गेल्यावर मी गालिच्यावरून हात फिरवला. लोकरीला एक गरम, किंचित खरखरीत स्पर्श असतो. हा थंड होता आणि जरा जास्तच चमकत होता. मी गालिचा उलटा केला. हाताने विणलेल्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही जशीच्या तशी दिसते, गाठी मोजता येतात, आणि कडेच्या दशा म्हणजे ताण्याचेच सुटे सोडलेले धागे असतात. इथे मागे जाळीसारखं काहीतरी चिकटवलेलं होतं आणि दशा मशीनने वरून शिवलेल्या होत्या.

मग मी जे केलं ते करायला नको होतं, असं हे अजून म्हणतात. कोपऱ्यातला एक झुपका उपटला, चिमट्यात धरला आणि अंगणात नेऊन काडी लावली. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग मी दरवर्षी मुलांना करून दाखवते. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती आपोआप विझते आणि मागे काळी ठिसूळ राख राहते, ती बोटांत चुरडते. सूत आणि ताग कागदासारखे भुरूभुरू जळतात, राखही तशीच हलकी. हा झुपका आधी आकसला, मग वितळला. मेणबत्तीसारखा वास आला आणि चिमट्याच्या टोकाला एक टणक मणी उरला. प्लास्टिक!

"तुम्हारा बी.एड. इस्कूलमें रखो," एवढंच बोलून हे शेतात निघून गेले. आमची सहा एकर जमीन आहे. दरवर्षी निम्म्यात कापूस असतो.

त्याच दिवशी संध्याकाळी अम्मीचा फोन आला. अब्बांच्या इंतकालानंतर ती अकोल्याला भावाकडे राहते. ईद झाली की पंधरा दिवस माझ्याकडे येते म्हणाली. मला एवढी खुशी झाली! आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "नानांची सतरंजी आहे ना गं? तीच टाक माझ्यासाठी. मला पलंगावर झोप येत नाही."

मी "हो" म्हटलं. फोन ठेवला आणि पेटीकडे पाहत बसले. पेटीच्या तळाशी एक गुंडाळी होती. बारा वर्षांत ती मी अम्मीला दाखवली नव्हती.

माझे नाना अकोटचे. अकोटच्या सुती सतरंज्यांचा वऱ्हाडात एकेकाळी नावलौकिक होता. लग्नाच्या पंगती, कव्वालीची महफिल, मिलादचा जलसा, कुठेही जा, खाली सतरंजी. कोणी म्हणतं सतरंजी म्हणजे सात रंगांची, कोणी तिचं नातं शतरंजच्या चौकटींशी जोडतं. नाना म्हणायचे, "नाव काही का असेना, खाली बसणाऱ्याच्या अंगाला गार लागली नाही पाहिजे."

त्यांचा माग जमिनीलगत आडवा पसरलेला असायचा. ताणा घट्ट ताणलेला, आणि त्यावर नाना आणि मामू शेजारी शेजारी बसून बाण्याचे रंगीत धागे हाताने भरत. गालिच्यात एकेक गाठ मारून लोकरीचा केसाळ पृष्ठभाग उभा करतात. सतरंजीत गाठ नसते. आडवा धागा उभ्या धाग्यांच्या वरून-खालून जातो आणि लोखंडी पंजाने ठोकून इतका दाबून बसवतात की ताणा दिसेनासा होतो. म्हणून सतरंजीला उलटं-सुलटं नसतं. दोन्ही बाजू सारख्या. एक बाजू मळली, विटली की दुसरी वर करायची, आयुष्य दुप्पट. पंजाचा तो खट् खट् आवाज मला अजून ऐकू येतो. सुट्टीत नानांकडे गेलो की दुपारी त्या आवाजावर झोप लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची.

1996च्या सुमारास तो आवाज कायमचा थांबला. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. गिरणीचं सूत महाग झालं, व्यापारी उधारी देईना, बाजारात मशीनच्या चटया आल्या. मामू ऑटो चालवायला लागले. मागावरची शेवटची सतरंजी नानांनी विकली नाही, माझ्यासाठी ठेवली. सहा हात लांब, चार हात रुंद. कडेला गडद निळी किनार, मधे लाल-पांढरे पट्टे, दोन्ही टोकांना निळ्या पायऱ्यांची नक्षी. माझ्या लग्नात जहेज म्हणून फ्रिज नव्हता, गाडी नव्हती. ही सतरंजी होती, आणि अम्मीने ती अशी मिरवली की जणू गावच इनाम दिलंय.

कर्नाटकात धारवाड जिल्ह्यात नवलगुंद नावाचं गाव आहे. तिथले जमखाने प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. हे जमखाने विणणाऱ्या आपल्याच समाजातल्या बायका आहेत. म्हणतात, तिथे विणकाम मुलीला शिकवत नसत, सुनेला शिकवत. मुलगी काय, लग्न होऊन जाणार आणि हुन्नर दुसऱ्या गावी नेणार! हे वाचलं तेव्हा मला नाना आठवले. त्यांनी ना मुलीला शिकवलं, ना सुनेला. "इसमें अब रोटी नहीं," म्हणत. मी पंजा हातात घेतला की काढून घेत आणि पाटी देत.

तर ती सतरंजी मी खराब केली. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात.

रोहिणखेड घाटाच्या पायथ्याचं गाव. इतिहासाच्या पुस्तकांत आमचं गाव लढायांमुळे येतं. 1437 साली इथे बहमनी सुलतानाच्या फौजेने खानदेशच्या नासिर खानाचा पराभव केला. गावात खुदावंद खान महदवीने 1582 साली बांधलेली जुनी दगडी मशीद आहे. पाहुणे आले की आम्ही ती दाखवायला नेतो. पण मी नवी नवरी होते तेव्हा मला ना लढाया दिसत होत्या, ना मशीद. मला दिसत होती सासरची काळी माती. पावसाळ्यात ती चपलांबरोबर, बैलांबरोबर, पोरांबरोबर घरात येते आणि जिथे बसेल तिथे बसते. सासरच्या एका दावतीला सतरंजी अंथरली, तिच्यावर सालन सांडलं, चिखलाचे पाय उमटले. मी नुकती बी.एड. झालेली, सगळं मला येत होतं! दुसऱ्या दिवशी चुलीवर हंडाभर पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, पांढरे पट्टे पांढरेशुभ्र निघावेत म्हणून मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली आणि सतरंजी त्यात बुडवून ठेवली. जोहरच्या अजानपर्यंत.

काढली तेव्हा पाणी रक्तासारखं झालं होतं. लाल पट्टे विटके झाले होते आणि पांढरे सगळे गुलाबी. डाग-डाग, कुठे गडद, कुठे फिकट. निळा मात्र जागचा हलला नव्हता. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फार पुढे. मी तिथेच मोरीपाशी बसून रडत होते.

सासूबाई आल्या. त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता सगळ्या मोहल्ल्यात होईल, 'शिकलेली सून!' त्यांनी सतरंजीचं एक टोक मला दिलं, एक स्वतः धरलं. पिळली नाही. "पिळू नको, वाकडी होईल," म्हणाल्या. भिंतीवर आडवी टाकून पाणी निथळू दिलं. वाळल्यावर कडुनिंबाचा वाळला पाला घालून गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. पुढे माझ्या नणंदेने विचारलं तर सरळ म्हणाल्या, "उंदराने कुरतडली, म्हणून उचलून ठेवली." माझ्यासाठी त्यांनी उंदरावर आळ घेतला. पाचवक्ता नमाजी बाई, खोटं बोलल्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. ह्या विषयावर आमच्यात दुसरा शब्द कधी झाला नाही.

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण धाग्याचं ज्ञान त्यांच्याकडूनच मिळालं. आमच्याकडे कपाशीच्या धुऱ्यावर अंबाडी लावायची पद्धत होती. पाल्याची भाजी आणि खोडाचा वाख. खोडं पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायची, वरची साल सुटली की सोलून, धुऊन, वाळवायची. त्या वाखाचे दोर त्या मांडीवर वळत. खाटेला तोच दोर, बैलाला तोच, आणि उरलेल्या तुकड्यांचं गोल पायपुसणं. ते पायपुसणं मी एकदा धुवायला घेतलं तर ओरडल्या, "वाख एकदाच भिजवायचा असतो, सोलताना!" मला तेव्हा हसू आलं होतं. पण बाई खरं बोलत होती. ताग, अंबाडी हे धागे ओले झाले की कमजोर होतात, सुकताना आकसतात, पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ओल राहिली तर कुजतात. सुताचं उलट आहे. सूत ओलं झाल्यावर उलट जास्त ताकदवान होतं, म्हणून तर धोब्याच्या दगडावर आपटलं तरी टिकतं. आणि लोकर म्हणजे शेवटी केसच. तिला सोडा चालत नाही, गरम पाणी चालत नाही. गरम पाण्यात चोळली की ती आवळून नमद्यासारखी होते. आपण आपलं डोकं सोड्याने धुतो का?

शाळेत मी हाच धडा वेगळ्या तऱ्हेने शिकले. आपण सगळे टाटपट्टीवर बसून शिकलो. आताच्या शाळांत बाकं आली, तरी पहिलीची मुलं अजून खाली बसतात. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत तागाच्या टाटपट्ट्या होत्या. पावसाळ्यात छत गळायचं, पट्ट्या भिजायच्या आणि शिपाई त्या तशाच गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करायचा. जुलै संपता संपता वर्गात असा कुबट वास, की मुलं शिंकून शिंकून बेजार. एका मुलीला दम लागायचा. ती शाळेत येईना. घरचे म्हणाले, तिला शाळा मानवत नाही. शाळा कशी मानवत नाही? मी एक दिवस सगळ्या पट्ट्या मैदानात उलगडल्या. आतून काळी बुरशी. दोन तर हातात तुटून आल्या. उरलेल्यांना तीन दिवस ऊन दाखवलं, काठीने झोडपलं, आणि मग नियम केला. शाळा सुटली की पट्टी दोरीवर, जमिनीवर नाही. भिजली तर त्या दिवशी मुलं व्हरांड्यात बसतील, पण ओली पट्टी गुंडाळायची नाही. ती मुलगी परत आली. यंदा दहावीला आहे.

मैत्रिणी विचारतात, घरात काय घ्यावं? मी सांगते, आधी घराला विचार. पुढच्या खोलीत, जिथे चहा सांडतो, लेकरं खेळतात, तिथे सुती सतरंजी. धुता येते, उलटता येते, दोघींनी मिळून झटकता येते. तागाची चटई दिसायला फार छान, आता शहरात तिचा शौकही निघाला आहे, पण तिला कोरडी जागा पाहिजे. मोरी, स्वयंपाकघर, पाण्याचा माठ यांच्यापासून लांब. उंबऱ्याबाहेर काथ्या. ओल्या पायांना काथ्यासारखं दुसरं काही नाही, नारळाचा तो धागा पाण्याला सहजी हार जात नाही. आणि लोकरीचं परवडत असेल तर घोंगडी घे, गालिच्याच्या मागे लागू नको. धनगरांच्या काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पहिल्यांदा अंगाला टोचते, पण बुलडाण्याच्या थंडीत तिच्यावर बसून फजर पढली की गुडघे दुआ देतात. एक मात्र आहे, घोंगडी आठ महिने विसरून पेटीत टाकली तर कसर लागते. लोकर हेच कसरीचं अन्न. डांबराच्या गोळ्या पुडीत बांधून ठेवा, लोकरीला थेट लावू नका. पण खरा इलाज ऊन आणि झटकणं. दर महिना-दोन महिन्यांनी तिला बाहेर काढा. कीड अंधारात आणि शांततेत वाढते, जिथे रोज पाय पडतो तिथे नाही.

घेताना ओला पांढरा रुमाल जवळ असू द्या. रंगीत पट्ट्यावर जोरात घासा. रुमालावर रंग आला तर समजा की हिला कधी पाण्यात घालता येणार नाही. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या. काही सांडलं तर घासू नका. घासल्याने डाग धाग्याच्या पोटात जातो. सुती फडकं वर दाबून धरा, टिपून घ्या, कडेकडून मधे या. आणि धुवायचीच वेळ आली तर थंड पाणी आणि रिठा. लोकरीलाही रिठा चालतो. वाळवताना उन्हात रंगाची बाजू खाली. घडी घालू नका, गुंडाळा. घडीच्या रेषेवर धागा आधी तुटतो. हे सगळं मला आज येतं. ज्या दिवशी यायला पाहिजे होतं त्या दिवशी येत नव्हतं.

एक इन्साफाची गोष्ट सांगते. प्लास्टिकच्या गालिच्याला मी नुसती नावं ठेवणार नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत पूर्वी शिंदीच्या चटया होत्या, त्यांना सफ म्हणत. कपाळावर वण उठायचा, वजूच्या ओल्या पायांनी त्या कुजायच्या, दर दोन वर्षांनी चंदा. आता रेघा आखलेले मशीनचे गालिचे आहेत. धुतले की झालं, कसर नाही, कुजणं नाही. बुजुर्गांचे गुडघे त्यावर सुखात आहेत. माझं भांडण त्या पोराशी होतं, त्याने प्लास्टिकला लोकर म्हटलं म्हणून. चार हजार लोकरीचे घेतले म्हणून.

रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर बुखारी शरीफ चाळत बसले होते. तिथे हजरत अनस यांनी सांगितलेली गोष्ट आहे. त्यांच्या आजीने, मुलैकाने, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर नमाजसाठी अनस यांनी घरातली चटई काढली. वापरून वापरून काळी पडलेली होती. त्यांनी तिच्यावर पाणी शिंपडलं आणि त्याच चटईवर हुजूर उभे राहिले, मागे अनस, एक यतीम मुलगा आणि त्यांच्या मागे म्हातारी आजी. ही हदीस मी आधीही वाचली होती, चटईवर नमाज जायज आहे एवढंच त्यातून घेतलं होतं. त्या रात्री मला ती काळी पडलेली चटई दिसली. घरात दुसरी नवी असेल-नसेल, पण आजीला ती आणायला शरम वाटली नाही.

मी ठरवलं, अम्मीला सतरंजी दाखवायची. उंदराचं नाव घ्यायचं नाही.

ईदनंतर चौथ्या दिवशी अम्मी आली. पुढच्या खोलीत लाल गालिचा होता. तिने चप्पल काढून पाय ठेवला आणि लगेच म्हणाली, "ये तो नायलानका है." काडी नाही, चिमटा नाही, विणकराची मुलगी! आमचे हे आतल्या खोलीत निघून गेले.

जेवणं झाली. मी पेटी उघडली, गुंडाळी काढली आणि काही न बोलता तिच्यापुढे उलगडली. गुलाबी पट्टे, विटका लाल, डाग. कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा फरशीवर पडला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सोडा, ब्लीचिंग पावडर, उकळतं पाणी, सासूबाई, उंदीर. बारा वर्षं ती फोनवर विचारायची, "सतरंजी कशी आहे?" आणि मी म्हणायचे, "छान आहे." तेही सांगितलं. दरवेळी वाटायचं की ती माझी परीक्षा घेतेय.

अम्मी बराच वेळ किनारीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तेरा कसूर नहीं. लाल रंग कच्चाच था."

मला कळेना.

मग तिने सांगितलं. त्या शेवटच्या वर्षी व्यापाऱ्याने रंगवलेलं सूत उधार द्यायचं बंद केलं होतं. निळं सूत नानांकडे चांगल्या दिवसांतलं शिल्लक होतं, पक्क्या रंगाचं. लाल नव्हतं. नातीच्या सतरंजीत लाल नाही तर काय शोभा! बाजारातून कागदाच्या पुडीतला खुला रंग आणला आणि घरीच डेगचीत सूत रंगवलं. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस, त्यांना ठाऊक होतं की हा रंग पहिल्या पाण्यात जाणार. त्यांनी अम्मीला बजावलं होतं, "बच्चीला सांग, ऊन दे, झटक, पण पाणी लावू नको."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

अम्मी माझ्याकडे पाहत नव्हती. "कशी सांगू? तुझ्या सासरची सगळी माणसं बसलेली. त्यांच्यासमोर सांगू की माझ्या बापाने कच्च्या रंगाची चीज दिली? म्हटलं, नंतर सांगेन. मग नंतर शरम वाटली. म्हणून तर दरवेळी विचारायची, सतरंजी कशी आहे. तू 'छान आहे' म्हटलं की मला वाटायचं, अल्लाहने लाज राखली."

आम्ही दोघी गप्प बसलो. आतून आमचे हे पाण्यासाठी आले, आमच्याकडे पाहिलं आणि पाणी न पिताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी अम्मीने सतरंजी अंगणात नेली. एका टोकाच्या दशा सुटल्या होत्या आणि शेवटचे बाण्याचे धागे निसटायला लागले होते. "हे आधी आवर, नाहीतर पायऱ्यांपर्यंत उसवत जाईल," म्हणाली. चष्मा लावला. चार ताण्याचे धागे एकत्र धरायचे, बाण्याला अगदी टेकवून गाठ मारायची, बोटाने दाबून खाली बसवायची आणि मग पुढचे चार. नाना अशाच गाठी मारायचे, हे मला अगदी आठवलं. शिकवलं नाही म्हणत होती, पण पाहून पाहून शिकली होती. माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी येऊन बसली आणि तिला धागे मोजून देऊ लागली. असरपर्यंत अर्धं टोक झालं.

मुलीने मधेच पट्ट्यावर बोट ठेवलं. "नानी, हा गुलाबी रंग छान आहे. हा कोणी दिला?"

अम्मीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तेरी अम्मीने," म्हणाली आणि पुढच्या चार धाग्यांसाठी हात पुढे केला.